थरारपटात कोणाला काय ठाऊक असते

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझी पटकथा मिळाली आणि सावकाश वाचली. बेळगावच्या शहापुरातला जुना वाडा, त्यात एकट्या राहणाऱ्या आजी, मुंबईहून आलेला पुतण्या आणि वाड्याच्या आडात सापडलेले प्रेत, हा ऐवज चांगला आहे. मात्र खून कोणी केला हे तू अगदी शेवटच्या पानांपर्यंत दडवून ठेवले आहेस आणि पटकथेचा सगळा भार त्या पानांवर टाकला आहेस. थ्रिलर म्हणजे शेवटी उघडणारे गुपित, ही समजूत तुझ्या वयाच्या लेखकांत पक्की रुजलेली दिसते, म्हणून या चित्रप्रकाराची वाटचाल तुला थोडी सविस्तर सांगावीशी वाटते. माझ्या मते ती सगळी एका प्रश्नाभोवती फिरते: पडद्यावरच्या माणसाला, त्याच्या मागावर असलेल्याला आणि खुर्चीतल्या प्रेक्षकाला कोणती गोष्ट केव्हा कळू द्यायची?

आपल्याकडच्या जुन्या रहस्यपटांत नायक आणि प्रेक्षक सारखेच अंधारात असत. ‘महल’ (1949), ‘बीस साल बाद’ (1962) आणि ‘वह कौन थी’ (1964) हे तिन्ही चित्रपट ओळीने पाहा. तिन्हींत रात्र आहे, गूढ स्त्री आहे, लता मंगेशकरांच्या आवाजातले दुरून येणारे गाणे आहे आणि शेवटी ज्याला आपण पिशाच्च समजत होतो त्यामागे जिवंत माणूसच निघतो. त्यातल्या गाण्याकडे विशेष लक्ष दे. ते करमणुकीसाठी मध्येच घातलेले नाही, नायकाला एका दिशेला ओढून नेणारे ते आमिष आहे. मराठीत राजा परांजपे यांनी 1964 साली ‘पाठलाग’ केला आणि दोनच वर्षांत राज खोसला यांनी त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ काढला. पत्नीच्या मृत्यूनंतर हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री ‘मीच तुमची पत्नी’ म्हणून पुढे उभी राहते, तेव्हा आपल्याला नायकापेक्षा रतीभरही अधिक ठाऊक नसते, आणि तिच्या प्रत्येक उत्तरासरशी आपला कौल बदलत राहतो. मराठी थ्रिलर लिहू पाहणाऱ्याने ‘पाठलाग’ पाहिलेला नसावा, हे मला मनापासून खटकते. ‘कानून’ (1960) आणि ‘इत्तेफाक’ (1969) यांनी गाणी पूर्णपणे वगळूनही प्रेक्षक खिळवून ठेवता येतो हे दाखवले. त्यांतला दुसरा तर जवळजवळ एका रात्रीत आणि एका घरात घडतो, म्हणजे तुझ्यासारख्या कमी भांडवलाच्या लेखकाला तो पाठ्यपुस्तकासारखा आहे.

तिकडे हॉलिवूडमध्ये आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाने वेगळा मार्ग धरला होता. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो याच्याशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत त्याने दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. दोन माणसे टेबलाशी गप्पा मारत आहेत आणि अचानक बाँब फुटतो, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. पण टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवले, तर त्याच फुटकळ गप्पा पंधरा मिनिटे जीव टांगणीला लावतात. ‘सायको’ (1960) मध्ये या दोन्ही युक्त्या एकापाठोपाठ आल्या आहेत. स्नानगृहातला खून हा निव्वळ धक्का आहे, कारण चित्रपट निम्माही झालेला नसताना नायिका मारली जाईल असे कोणाच्या मनातही येत नाही. त्यानंतर तपास करणारा माणूस त्या घराचा जिना चढू लागतो, तेव्हा वर कोणीतरी आहे हे आपल्याला ठाऊक असते आणि त्याला नसते. तो टोपी काढून निवांतपणे एकेक पायरी चढतो आणि आपण मात्र खुर्चीचा हात घट्ट धरून बसतो. हा जिन्याचा प्रसंग आवाज बंद करून पाहा, मग आवाजासह पाहा, आणि कॅमेरा कोठून कोठे जातो ते कागदावर उतरवून काढ.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणारे हेरगिरीचे वॉटरगेट प्रकरण घडले आणि भीतीचा पत्ता बदलला. संशय घरातल्या माणसावरून सरकारवर आणि मोठ्या कंपन्यांवर गेला. अमेरिकन दिग्दर्शक कोपोलाच्या ‘द कॉन्व्हर्सेशन’ (1974) मध्ये ध्वनिमुद्रणात निष्णात असलेला माणूस एका जोडप्याचे चोरून टिपलेले बोलणे पुन्हा पुन्हा ऐकतो, आणि त्याच वाक्यातला जोर दुसऱ्या शब्दावर पडलेला ऐकू येताच मारेकरी कोण आणि सावज कोण याचा हिशेबच उलटतो. इथे माहिती पहिल्यापासून सर्वांसमोर होती, अर्थ तेवढा लपला होता. ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी झेप वाटते. नव्वदच्या दशकात शेवटच्या कलाटणीची लाट आली. तिच्याविषयी फार लिहीत नाही, कारण तुझी पटकथा तिच्याच प्रभावाखाली आहे आणि त्या लाटेतले पुष्कळ चित्रपट दुसऱ्यांदा पाहवत नाहीत.

पुढे श्रीराम राघवन यांनी ‘जॉनी गद्दार’ (2007) मध्ये गद्दार कोण हे लवकरच सांगून टाकले आणि तरीही ताण शेवटपर्यंत टिकवला. जीतू जोसेफ यांच्या मल्याळम ‘दृश्यम’ (2013) ने तर कमाल केली. गुन्हा आपल्यासमोर घडतो, कुटुंबाचा बनावही आपण पाहतो, पोलिसांपेक्षा आपल्याला सगळे अधिक ठाऊक आहे अशी आपली खात्री होते, आणि नेमकी एकच गोष्ट आपल्यापासून दूर ठेवलेली असते. तो चित्रपट कन्नडमध्ये 2014 साली आणि हिंदीत 2015 साली आला. हिंदी आवृत्ती गोव्यात, म्हणजे आपल्या चोर्ला घाटाखालीच घडते. कन्नड चित्रपटांकडेही पाठ फिरवू नकोस. सुनीलकुमार देसाई यांचा ‘तर्क’ (1989) पाहा, आणि पवन कुमार यांचा ‘यू टर्न’ (2016) अवश्य पाहा, ज्यात बेंगळुरूच्या उड्डाणपुलावरचे दुभाजकाचे दगड सरकवून गाडी वळवण्याच्या, कोणीही सहज करील अशा आगळिकीतून सगळे भय उभे राहते. सीमाभागात वाढलेल्या माणसाला दोन भाषांतले चित्रपट थेट कळतात, ही केवढी मोठी पुंजी आहे!

आता तुझ्या पटकथेकडे येतो. जांबोटीच्या जंगलात ‘रेंज नाही’ म्हणून तू मोबाइल बाद केला आहेस, ती पळवाट काढून टाक. कर्नाटकातले बाची आणि महाराष्ट्रातले शिनोळी यांच्या हद्दीवर फोन कधी कर्नाटकाचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्राचा. पुतण्या ‘मी त्या रात्री शिनोळीला होतो’ असे सांगत असेल आणि टॉवरची नोंद त्याला दुजोरा देत असेल, तर तो बाचीतच उभा होता हे प्रेक्षकाला आधी दाखव आणि मग पोलिसांना त्या नोंदीवर विश्वास ठेवू दे.

तुझ्या पटकथेतला सर्वांत मोलाचा प्रसंग बाविसाव्या पानावर आहे आणि तू तो चार ओळींत उरकला आहेस. पुतण्या वाड्याचा उतारा आणतो, आजींना कन्नड वाचता येत नाही, म्हणून तो मराठीत वाचून दाखवतो आणि एक नाव गाळतो. कॅमेरा त्या कागदावर ठेव, त्याचे बोट ओळीवरून सरकताना एका जागी किंचित भरभर पुढे जाऊ दे, आणि त्या कागदाखाली मराठी उपशीर्षके मुळीच देऊ नकोस. बेळगावच्या थिएटरात ज्यांना कन्नड वाचता येते त्यांना त्या क्षणी सारे कळेल आणि शेजारी बसलेल्यांना काहीच कळणार नाही. एकाच सभागृहात अर्धे लोक हिचकॉकच्या जिन्यावर असतील आणि अर्धे ‘पाठलाग’मधल्या नायकासारखे अंधारात. अशी सोय मुंबईत किंवा पुण्यात बसून लिहिणाऱ्याला सहसा लाभत नाही. मग आजी सही करतात, तो प्रसंग लांबव. चष्मा शोधू दे, पेन चालत नाही म्हणून दुसरे मागू दे, पुतण्याला चहा घेण्याचा आग्रह करू दे.

नवा खर्डा करताना प्रत्येक प्रसंगाच्या समासात आजींना, पुतण्याला, पोलिसांना आणि प्रेक्षकाला त्या वेळी काय ठाऊक आहे ते लिहीत जा. जिथे चारही नोंदी सारख्या येतील तो प्रसंग कापून टाक. उताऱ्यापर्यंतची पाने झाली की मला पाठव. आडातल्या प्रेताचे काय करायचे ते त्यानंतर ठरवू.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
एक ज्येष्ठ स्नेही
टिळकवाडी, बेळगाव