माशांच्या टाकीत पाणी नेमकं किती?

दुकानदार ‘65 लिटरची’ म्हणतो ते बाहेरचं माप: 60 × 30 × 36 सेंमी, भागिले 1000. त्यावर औषधाचा डोस काढू नकोस. काच 5 मिमीची, म्हणून आतून लांबी 59, रुंदी 29. उंची मोजायची ती खडीच्या वरून पाण्याच्या रेषेपर्यंत, समजा 27. म्हणजे 46 लिटर. खडीच्या फटींत आणखी साधारण 3 मुरतं. एकूण 49. पासष्टचा डोस टाकलास तर औषध तिसरा हिस्सा जास्त पडेल, आणि खवले अगदी बारीक किंवा नसलेल्या लोच जातीच्या माशांना तेच भोवतं.

इंचात मोजलंस तर गुणाकाराला 61 ने भाग. मोठे दगड असतील तर हिशेब सोड. टाकी भरताना खुणेची बादली वापर, बादल्या मोज आणि आकडा स्टँडवर लिहून ठेव.