ब्रश धुताना बरं वाटतं, चित्र काढताना नाही

"मॅडम, खरं सांगू? दिवसभरात मला सगळ्यात बरं कधी वाटतं, तर संध्याकाळी ब्रश धुताना. चित्र काढताना नाही. मग मी चित्रकार कसली?"

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत वीसेक मिनिटं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हे सांगितलं आणि खिडकीकडे बघत बसल्या. चाळिशीच्या आसपासच्या, मुलांच्या पुस्तकांसाठी जलरंगात चित्रं काढणाऱ्या, पंधरा वर्षं याच कामावर घर चालवणाऱ्या. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. वाजवणारे सांगतात, कार्यक्रमापेक्षा वाद्य सुरात लावतानाच मन रमतं. लिहिणारे म्हणतात, कोरी वही उघडण्यातच काय ती मजा उरली आहे. शब्द वेगळे, भीती एकच. ज्यासाठी इतकी वर्षं घातली त्यातलाच आनंद आटला आणि हाती राहिली ती ही फुटकळ सुखं. त्यांना आनंद म्हणायचं तरी कसं, आणि म्हटलं तर आपण कलावंत उरतो का?

असं काही कानावर आलं की मी आधी एक गोष्ट तपासते. नैराश्याची चाचपणी करायला जगभर वापरतात त्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न हा असतो की गेल्या दोन आठवड्यांत कशात रस किंवा आनंद वाटत नाही, असं किती वेळा झालं. तो पहिला आहे याला कारण आहे. नैराश्यात कामातली गोडी जातेच, पण सहसा तेवढ्यावर थांबत नाही. अंगावर पडलेलं ऊन, ओळखीचा आवाज, स्वच्छ चादर, सगळंच बेचव होत जातं. म्हणून झोप, भूक, थकवा, मरणाचे विचार, सगळं मी त्यांना थेट विचारलं. झोप ठीक होती. मरणाचे विचार नव्हते. आणि ब्रश धुताना बरं वाटत होतं, म्हणजे आनंद वाटण्याची शक्ती शाबूत होती. त्यांना ज्या गोष्टीची लाज वाटत होती, तीच मला सगळ्यात आश्वासक वाटली.

तुम्ही हे वाचत असाल आणि तुम्हाला जाणवत असेल की आपल्याला ब्रश धुतानाही काही वाटत नाही, कशातच काही वाटत नाही, आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ असंच चाललं आहे, तर पुढचं वाचायचं राहू द्या आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर आजच भेटा, आणि तोवर एकटे राहू नका.

मग मी त्यांना विचारलं, "ब्रश धुता कसा?"

त्यांना वाटलं मी विषय बदलते आहे. पण सांगायला लागल्या. आधी भांड्यातल्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मग नळाखाली. तळहातावर साबणाचं थोडं पाणी घेऊन त्यात ब्रश गोल फिरवायचा. फेस आधी रंगीत येतो, मग फिका, मग पांढरा. एक निळा आहे, तो लवकर जात नाही, केसांच्या मुळाशी दडून बसतो. आता झालं म्हणावं तर पुन्हा एक निळसर रेघ हातावर उतरते. सगळं निघालं की ओले केस दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचे, म्हणजे टोक परत येतं. आणि आडवा ठेवून वाळवायचा. ओला ब्रश उभा ठेवला तर पाणी केस धरणाऱ्या पत्र्याच्या टोपणात उतरतं, आतला डिंक सुटतो आणि केस गळायला लागतात.

हे सांगताना त्यांनी हवेत चिमूट धरली होती. नसलेल्या ब्रशचं टोक त्या काढत होत्या. खांदे खाली आले होते. आणि त्या तीन-चार मिनिटांत त्या एकदाही "पण" म्हणाल्या नाहीत. त्याआधी प्रत्येक वाक्यात "पण" होता.

मग दिवसाचं सांगितलं. सकाळी मेल उघडायचे. रफ पाठवलेलं असतं, त्यावर करेक्शन आलेली असतात. ससा जरा अजून आनंदी हवा. आकाश कमी निळं. मागच्या वेळी सांगितलं होतं ते काढून टाका, आधीचंच बरं होतं. एकेका चित्राच्या चार-चार फेऱ्या. चित्र हातात असतानाच मनात कुणीतरी मागे उभं असतं आणि खांद्यावरून बघत असतं. "ब्रश धुताना मागे कुणी नसतं," त्या म्हणाल्या. कुठे बिघडलं याचं निदान त्यांनी स्वतःच केलं होतं. मला फारसं काही करावं लागलं नाही.

1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बालवाडीतली मुलं, ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता नंतर अचानक तेच दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगीत पेनं पुन्हा वर्गात ठेवली, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र टिकून होती. म्हणजे बिघाड बक्षिसात नव्हता. "हे कशासाठी करायचं" याचं उत्तर आधीच बाहेरून आलं होतं, बिघाड त्यात होता.

या प्रयोगाचा आधार घेऊन कलावंताला कमी पैशांत राबवणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून स्पष्ट सांगते. मोठ्या माणसाने आपल्या कामाचं पूर्ण मानधन घेण्यात काडीचंही गैर नाही. पैसा आला की कला गेली, हे वाक्य मला ऐकवत नाही. त्यांनाही हेच सांगितलं: पंधरा वर्षं तुमचं काम रोज कुणीतरी तपासतं आहे, त्या कामातून आनंद थोडा मागे सरकला तर त्यात तुमची खोट नाही. तो गेलेला नाही, जिथे कुणी तपासत नाही तिथे जाऊन बसला आहे.

इथपर्यंत ठीक चाललं होतं. यानंतरची चूक माझी.

मी त्यांना एक वही करायला सांगितली. दिवसभरात ज्या-ज्या लहान गोष्टींनी बरं वाटलं त्या लिहायच्या आणि शेजारी दहापैकी गुण द्यायचे. नैराश्याच्या उपचारात ही पद्धत खूप कामी येते. ज्याला वाटतं की आपल्या दिवसात काहीच उरलेलं नाही, त्याला कागदावर दिसतं की सगळे तास सारखे नव्हते. मी ती सवयीने दिली. समोर बसलेल्या बाईचं ऐकलं होतं, तरी सवयीने दिली.

दोन आठवड्यांनी त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. मी ती उघडली आणि पोटात खड्डा पडला. वही अप्रतिम होती. प्रत्येक पानाला बारीक चौकट. पेन्सिलीला टोक केल्यावर पडलेली साल, तिच्या कडेला रंगाची लाल रेघ. दोरीवरच्या टॉवेलमधून आलेलं ऊन. टेबलाच्या कडेवर मांजराचा एक पंजा. प्रत्येकाखाली सुरेख अक्षरांत आकडा: सहा, साडेसहा, आठ. मध्ये एक पान ब्लेडने अगदी शिवणीपासून कापलेलं होतं.

"ते नीट उतरलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "परत केलं."

काही पानांचे फोटो त्यांनी नेटवर टाकले होते. लोकांना आवडत होते. मंगळवारच्या उन्हाला सगळ्यात जास्त लाइक मिळाले होते.

मी विचारलं, "आणि ब्रश धुताना?"

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता फेस कसा दिसतोय ते बघते. फोटो कसा येईल."

मी त्यांची माफी मागितली. ज्या एका कोपऱ्यात त्यांच्या मागे कुणी उभं नव्हतं, तिथे मीच वही आणि गुण देऊन एक तपासनीस बसवला होता. खरं तर मला हे ठाऊक असायला हवं होतं. संशोधक जॉर्डन एटकिन यांनी 2016 साली केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं, आणि त्यातल्या एकात तर लोकांना आकृत्या रंगवायला दिल्या होत्या. किती रंगवल्या याचा आकडा डोळ्यांपुढे राहिला की माणसं जास्त रंगवतात, पण त्यांना मजा कमी येते. फोटोंचंही तसंच. बराश, झाउबरमन आणि डील या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं की स्वतःच्या आठवणीसाठी काढलेल्या फोटोपेक्षा इतरांना दाखवायच्या हेतूने काढलेला फोटो त्या क्षणाचा आनंद कमी करतो, कारण मन "मी कशी दिसेन" या चिंतेत अडकतं. मी हे दोन्ही वाचलं होतं.

म्हणून वही बंद. मी सुचवलं ते एवढंच होतं: दिवसात एक सुख असं राहू दे, ज्याला कुठलंही काम लावायचं नाही. त्याची नोंद नाही, फोटो नाही, आकडा नाही, त्यावरून चित्र नाही. त्याने तुमची कला सुधारावी अशीही अपेक्षा नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कलावंतांना हल्ली फार सांगतात की फिरायला जा म्हणजे कल्पना सुचतील, विश्रांती घ्या म्हणजे काम चांगलं होईल. हेतू चांगला असतो, पण फिरणंसुद्धा मग कामावर रुजू होतं.

त्या हट्टाने म्हणाल्या, "पण मॅडम, बघणं हेच माझं काम आहे. ऊन पाहिलं तर ते कधीतरी चित्रात येणारच."

बरोबर होतं त्यांचं. यावर आम्ही पूर्ण एक भेट बोललो. आलं तर येऊ द्यायचं, बोलावून आणायचं नाही, असं ठरलं. हे बोलायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात त्यांचा हात दर थोड्या वेळाने फोनकडे जात होता. संध्याकाळी ब्रश धुताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, एवढाच उपाय चालला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्या म्हणाल्या की फेसाकडे बघितलंच नाही, हात आपोआप चालले आणि भलताच कुठलातरी विचार करत त्या उभ्या होत्या. त्यांना ती चूक वाटली. मला नाही वाटली.

आणि मग त्यांनीच हेअर ड्रायरचा विषय काढला. जलरंगाचा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, दिला की तो वाळेपर्यंत थांबावं लागतं. कागद, थर, हवा यावर दहा मिनिटं लागतात, कधी त्याहून बरीच जास्त. कामं वाढली तशी त्यांनी ड्रायर आणला आणि गेली सात-आठ वर्षं प्रत्येक वॉश त्याच्या गरम हवेवर वाळवला. "पूर्वी मी बघत बसायचे," त्या म्हणाल्या. काही रंगांचे कण जाडसर असतात, अल्ट्रामरीन निळा त्यातलाच. खडबडीत कागदावर पाणी आटत जातं तसे हे कण कागदाच्या खळग्यांत उतरत जातात आणि सपाट निळ्याच्या जागी बारीक दाणेदार पोत दिसायला लागतो. वर चकाकणारं पाणी एका कडेपासून मंद होत जातं. रंग ओला असतो त्यापेक्षा वाळल्यावर फिका होतो, त्यामुळे शेवटपर्यंत कळत नाही नेमकं काय हाती लागणार. "तेव्हा काही करायचं नसतं. हात लावला तर बिघडतं. नुसतं बसायचं असतं."

त्यांनी आठवड्यातल्या एका चित्रापुरता ड्रायर बाजूला ठेवला. डेडलाइन असेल तेव्हा तो वापरतात, त्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं नाही असंही ठरलं आहे. चित्र काढण्यातला सगळा आनंद परत आला असं त्या म्हणत नाहीत, मीही म्हणणार नाही. वॉश वाळतानाचा आला. शिवाय एक दिवस आउटलाइन करताना आपण गुणगुणत होतो, हे त्यांना मुलीने सांगितल्यावर कळलं: "आई, तू गाणं म्हणत होतीस."

कामाच्या अटींबद्दलही आम्ही बोललो. नवीन काम घेताना करेक्शनच्या दोनच फेऱ्या, पुढच्या फेरीचं मानधन वेगळं, हे त्या आता आधीच लिहून पाठवतात. एक काम त्यामुळे गेलं, बाकीच्यांनी मान्य केलं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण ज्या माणसाला मध्यरात्रीपर्यंत राबवलं जातंय त्याला उन्हाकडे बघायला सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. लहान सुखं हा वाईट अटींवरचा उतारा नव्हे. दोन्हीकडे बघावं लागतं.

आमची शेवटची ठरलेली भेट काही महिन्यांनी झाली. बोलणं संपत आलं होतं. पिशवी खांद्याला लावता लावता त्या थांबल्या.

"या आठवड्यात ना मॅडम, एक असं..." त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. मग त्यांनी मान हलवली. "नको. नाही सांगत."

मी विचारलं नाही.