मदत करणाऱ्या मित्राची भीती वाटते, मी कृतघ्न आहे का?

"मॅडम, तो वाईट काहीच करत नाही, उलट मदतच करतो, मग मला त्याचा फोन वाजला की धडधडतं का?" हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या लोकांकडून येत असतो. त्यातली एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

मुलगा तिशीच्या आतला, पुण्यात नोकरी, नुकतंच ब्रेकअप झालेलं आणि भाड्याच्या नव्या फ्लॅटमध्ये एकटा. समोरच्या बिल्डिंगमधल्या एकाने सामान चढवायला मदत केली, गॅसचं काम करून दिलं, स्वतःचा वायफाय पासवर्डपण दिला, वर म्हणे पैसे कसले देतोस, आपण मित्र ना! इथवर छानच. मग रोज सकाळी दाराच्या कडीला पोह्यांचं पार्सल, मीटिंगमध्ये असला की मिस्ड कॉलची रांग, लगेच "रागावलास का?", आणि रविवारी कुठे निघावं तर हा खाली बाइक घेऊन हजर. कहर म्हणजे साताऱ्याला बहिणीच्या साखरपुड्यात हा न बोलावता पोचला आणि पंगतीत जिलेबी वाढत फिरला. आईला काकू काकू करून असं काही खिशात घातलं की ती पोरालाच म्हणाली, तुला माणसांची किंमत नाही. हे सांगताना तो आधी हसला आणि मग रडायलाच लागला.

मला काउन्सेलिंगमध्ये सिनेमे घुसवायची खोड आहे, त्याला 'द केबल गाय' बघायला सांगितला. 1996 चा, बेन स्टिलरने दिग्दर्शित केलेला. लग्नाची मागणी फेटाळली गेल्यामुळे एकट्या राहायला आलेल्या स्टीव्हनला (मॅथ्यू ब्रॉडरिक) केबल जोडायला आलेला चिप (जिम कॅरी) फुकट चॅनेल देतो आणि त्या बदल्यात मैत्री वसूल करायला लागतो. आन्सरिंग मशीनवर मेसेजवर मेसेज, घरात न विचारता महागडं गिफ्ट, स्टीव्हनच्या आईवडिलांच्या घरी जाऊन सगळ्यांचा लाडका. लोकांना तेव्हा जिम कॅरीची नेहमीची धमाल हवी होती, हा सिनेमा बराच डार्क निघाला, पण मला त्याचं हेच काम जास्त आवडतं. चिपला लहानपणी टीव्हीसमोर बसवून आई निघून जायची, नावसुद्धा त्याने टीव्ही मालिकेतल्या पात्राचं उचललंय. दया येतेच. पण दया आली म्हणून दार उघडायचं का, हा वेगळा प्रश्न आहे.

पोरगा बघून आला तो घाबरूनच. म्हणाला, स्टीव्हन शेवटी नाही म्हणतो तर चिप त्याला चोरीच्या मालाच्या केसमध्ये अडकवतो, माझ्या बाबतीत असं झालं तर? भीती खोटी नव्हती, म्हणून आधी तयारी केली. स्वतःचं वायफाय घेतलं, सगळे पासवर्ड बदलले, आईला नीट बसून सगळं सांगितलं (हे सगळ्यात अवघड गेलं), वॉचमनला कल्पना दिली.

तोपर्यंत हा मुलगा त्या मित्राला नुसती कारणं देत होता. आज बिझी आहे म्हटलं की मित्र म्हणणार मग उद्या, तब्येत बरी नाही म्हटलं की औषध घेऊन दारात. आणि खूप कॉल झाल्यावर वैतागून एकदा उचलला की समोरच्याला एवढंच कळतं की इतके कॉल केले की हा उचलतो. म्हणून कारण न देता एकदाच लिहायचं ठरलं: "केलेल्या मदतीबद्दल आभार. मला ही मैत्री पुढे ठेवायची नाही. मला किंवा घरच्यांना फोन, मेसेज करू नकोस, घरी येऊ नकोस." त्यानंतर उत्तर नाही, भांडण नाही, टोमणापण नाही. सुरुवातीला कॉल वाढतात हे मी आधीच सांगून ठेवलं होतं आणि तसे ते वाढलेच.

मग त्या मित्राचा "मी जीवाचं बरंवाईट करीन" असा मेसेज आला. असा मेसेज कधीच हलक्यात घ्यायचा नाही, पण आपण स्वतः त्याच्या घरी धावायचं पण नाही. याने त्याच्या भावाला कळवलं आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिला. तातडीचं असेल तर सरळ 112 हा आपत्कालीन नंबर. भाऊ येऊन त्याला गावी घेऊन गेला, आता त्याची ट्रीटमेंट चालू आहे असं कळलं, हे मला मनापासून बरं वाटलं.

कायद्याचं बरेच जण विचारतात. भारतीय न्याय संहितेतलं पाठलागाचं कलम 78 हे पुरुषाने बाईचा पाठलाग केला तरच लागतं, त्यामुळे पुरुषामागे पुरुष लागला तर ते उपयोगाचं नाही. तिथे धमकी, घरात घुसणं याची कलमं बघावी लागतात, आणि त्यासाठी तारखेसकट पुरावा हवा. या मुलाला पोलिसात जायची वेळ आली नाही, तरी स्क्रीनशॉटचा फोल्डर डिलीट करू नको म्हणून मी त्याला बजावून ठेवलंय.