पुस्तकांवरचं पुस्तक वाचलं तर ते वाचन नाही का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यातला, घरी पाच एकर वावर, कपाशी अन् तूर. गावच्या वाचनालयात सतीश काळसेकरांचं 'वाचणाऱ्याची रोजनिशी' हाती लागलं अन् चार रात्री तेच घेऊन बसलो, त्यात ज्या पुस्तकांबद्दल लिहिलंय त्यातली बहुतेक मी डोळ्यानं पाह्यली नाहीत, तरी एवढा आनंद मले कादंबरी वाचूनही झाला नव्हता. मोठे भाऊ म्हणतात, दुसऱ्याच्या पंगतीचं वर्णन ऐकून आपलं पोट भरते काय? तेव्हापासून मनाला लागून राह्यलं. हे खरं वाचन नाही का?

उत्तर : भाऊ, हे वाचनच आहे, अगदी शंभर टक्के. तुम्ही जे वाचलं त्याला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालाय, म्हणजे ते स्वतःच एक पूर्ण पुस्तक आहे, दुसऱ्या पुस्तकांची जाहिरात नाही. आणि मला वाटतं तुम्हाला आनंद कशाचा झाला माहितेय का, सोबतीचा. खेड्यात कापसाच्या भावावर बोलायला पारावर दहा जण भेटतात, पण रात्री वाचलेल्या पानावर बोलायला एकही नसतो, माझं माहेरही तसंच गाव आहे म्हणून हे मला आतून माहीत आहे. असा लेखक तेव्हा शेजारी येऊन बसतो आणि म्हणतो, मी हे वाचलं, मला असं असं वाटलं, तुमचं काय?

दुसरं म्हणजे अशी पुस्तकं आपली नजर बदलतात. उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी १९६० ची, आपल्याच वऱ्हाडी बोलीतली, मी कॉलेजात परीक्षेपुरती वाचून सोडून दिली होती. पुढे कुणीतरी तिची नायिका कौतिक हिच्याबद्दल मनापासून लिहिलेला लेख वाचला आणि त्याच रात्री पुन्हा 'धग' काढली, तर ही बाई आपल्याच गल्लीतली, संसार ओढता ओढता खचत चाललेली, आणि मला पहिल्यांदा ती दिसलीच कशी नाही याचं फार वाईट वाटलं.

आता पुढं काय वाचायचं, तर नितीन रिंढ्यांचं 'लीळा पुस्तकांच्या' नक्की बघा, ते तर पुस्तकांविषयीच्या पुस्तकांवरच आहे, म्हणजे तुमच्यासारखं वेड असलेल्यांसाठीच. निरंजन घाट्यांचं 'वाचत सुटलो त्याची गोष्ट' पण छान, आणि गोविंद तळवलकरांचं 'वाचता वाचता' जरा सावकाश वाचा, त्यातली पुष्कळशी पुस्तकं इंग्रजी आहेत पण अडत नाही.

एक वही करा, आवडलेल्या पुस्तकांची नावं लिहून ठेवा आणि ग्रंथपालांकडे मागणी द्या, वाचकांनी मागितल्याशिवाय त्यांना तरी कसं कळणार काय आणायचं. नाहीच जमलं तर अमरावतीला काही कामानं गेलात की तिथल्या मोठ्या वाचनालयात विचारा.

आणि मोठ्या भावांना एखाद्या रात्री जेवणं झाल्यावर रोजनिशीतली दोन पानं मोठ्यानं वाचून दाखवा.