सॉफ्टवेअरमध्ये घुमण्याचा काळ (आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ) बरोबर आला, तरी नाट्यगृहात प्रतिध्वनी येईल का? हे कसं तपासायचं?

८०० आसनांच्या नाट्यगृहाचं मॉडेल तुम्ही ओडियन या ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये चालवलंत आणि घुमण्याचा काळ १.१ सेकंद आला. नाटकासाठी तो चांगलाच आहे, पण त्यावरून प्रतिध्वनी कळत नाही. तो आकडा अख्ख्या सभागृहाचा असतो. प्रतिध्वनी मोजक्या खुर्च्यांनाच छळतो. म्हणून खुर्चीनिहाय रिफ्लेक्टोग्राम उघडा. थेट आवाजामागून कोणतं परावर्तन किती मिलिसेकंदांनी, किती जोरात पोचतं ते त्यात दिसतं.

आधी कागदावर हिशोब करा. नट रंगमंचाच्या कडेला, श्रोता त्याच्यासमोर ५ मीटरवर, मागची भिंत नटापासून २६ मीटरवर. भिंतीवरून परतणारा आवाज २६ अधिक २१, म्हणजे ४७ मीटर चालतो. थेट आवाजापेक्षा ४२ मीटर जास्त. भागिले ३४३ (आवाजाचा वेग, मीटर प्रतिसेकंद), म्हणजे सुमारे १२२ मिलिसेकंद उशीर. पहिल्या ५० मिलिसेकंदांतली परावर्तनं संवादाला बळ देतात, पण इतक्या उशिरा आलेलं ठळक परावर्तन पुढच्या शब्दावर चढतं. आलेखात १२२ च्या आसपास एकटा उंच दांडा दिसला, तर आधी मागच्या भिंतीवर संशय घ्या. ती अंतर्वक्र असेल, तर आवाज एका जागी गोळा होऊन त्रास वाढतो.

इथेच बहुतेकांची चूक होते. गुळगुळीत भिंतीला विखुरण्याचा गुणांक (परतणाऱ्या आवाजाचा किती भाग इतस्ततः पांगतो तो आकडा) ०.०५ च्या आसपास हवा, तो ०.५ टाकला की दांडा गायब होतो, प्रत्यक्षातला प्रतिध्वनी मात्र तसाच राहतो. प्रेक्षक बसलेल्या खुर्च्यांना ०.६–०.७ चालतो. ‘हरवलेले किरण’ (मॉडेलबाहेर निसटलेले आवाजाचे किरण) जास्त दिसले तर मॉडेलच्या कोपऱ्यात फट आहे. ती बुजवल्याशिवाय पुढे जाऊ नका. आवाजाचा उगम १.५ मीटर, बसलेल्याचा कान १.२ मीटर उंचीवर ठेवा. खुर्च्यांच्या रांगांवरून सरपटत जाणाऱ्या आवाजात १५० हर्ट्झच्या आसपास पडणारा खड्डा, म्हणजे आवाजातली घट, आवाजाला किरण मानणाऱ्या या पद्धतीला दिसत नाही, त्यामुळे तिथल्या आकड्यांवर विसंबू नका.

उपाय म्हणून भिंतीचा वरचा भाग पुढे झुकवा, म्हणजे परावर्तन शेवटच्या रांगांवर पडतं आणि तिथे उपयोगी ठरतं. उरलेल्या भागावर सच्छिद्र पॅनेल, मागे ५० मिमी ग्लासवूल आणि तेवढीच हवेची पोकळी. नुसता गालिचा चिकटवलात तर तो फक्त वरच्या पट्टीतला आवाज खाईल.

शेवटी ऑरलायझेशनमध्ये (मॉडेलमधल्या जागेचा आवाज कानांना ऐकवणाऱ्या सोयीत) तबल्याची कोरडी, म्हणजे न घुमणारी, थाप वाजवून तिसऱ्या रांगेतून हेडफोनवर ऐका. संवादात लपलेला प्रतिध्वनी थापेत लगेच सापडतो.