स्प्लेंडरला ऑफ-रोड टायर बसतात का? दोन्ही चाकांना टाकावेत की फक्त मागे?

बसतात. आणि 'फक्त मागे टाका' असं तुम्हाला ज्याने सांगितलं, तो माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचा असणार.

घरापासून डांबरीपर्यंत तीन किलोमीटर कच्चा रस्ता आहे असं तुम्ही लिहिलंय, पण माती कसली ते लिहिलं नाही. सगळा खेळ मातीचा आहे, टायरचा नंबर त्यानंतर.

माझं गाव मंगळवेढ्याकडचं, काळं रान. उन्हाळ्यात भेगांत पाय जाईल अशी जमीन, आणि भिजली की चपलेला एवढी चिकटते की बुटका माणूस वीतभर उंच होतो. बायकोचं माहेर शाहूवाडीत. तिकडे तांबडी माती आणि खाली जांभा. पाऊस आपल्या चौपट, पण माती पाण्याबरोबर वाहून जाते, चाकाला धरून बसत नाही. बटण पुढे की मागे यावरून मी आणि मेव्हणा २०१७ पासून जे भांडतोय, त्याचं मूळ या दोन मातींत आहे.

२०१७ साली हौसेने दोन्ही चाकांना बटण टायर, म्हणजे उंच गोळ्यांचे ऑफ-रोड टायर, टाकले. (दुकानात 'नॉबी' म्हणालात तर तोंडाकडे बघतील. 'बटण' म्हणा, लगेच काढून देतात.) माझीही गाडी शंभर सीसीचीच, १८ इंची चाकांची. पुढे २.७५-१८, मागे ३.००-१८, ट्यूबा धरून साडेतीन हजार गेले. सप्टेंबरात परतीचा पाऊस पडून गेला आणि मेव्हणा राहायला आला. त्याला म्हटलं, चला, रान दाखवतो. खरं तर टायर दाखवायचे होते.

पहिली पन्नास-साठ पावलं गाडी अशी गेली की मी मागे वळून त्याच्याकडे बघितलं. मग बटणांच्या मधल्या खाचा भरल्या आणि टायर लोण्याच्या गोळ्यासारखा गुळगुळीत झाला. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण चाकाबरोबर वर गेलेला चिखल पुढच्या मडगार्डमध्ये थापला जायला लागला. मडगार्ड आणि टायरमध्ये आधीच बोटभर जागा, त्यात बटणांची उंची. चाक फिरायचंच थांबलं. मागचं ढकलतंय आणि पुढचं नांगराच्या फाळासारखं रुतून बसलंय. दोघेही आडवे. मेव्हण्याचा लेंगा त्याच सकाळी इस्त्री केलेला.

शेजारच्या रानातून खुरपं आणलं, मडगार्ड कोरून काढलं. दहा पावलं गेलो की परत जाम. शेवटी पुढचं चाक उचलून धरत दोघांनी गाडी डांबरीवर आणली. तेव्हापासून प्रत्येक लग्नात मांडवात बसलं की तो सुरू करतो, "दाजींनी गाडीला साडेतीन हजाराचं पायताण घेतलं आणि गाडी खांद्यावरनं आणली!" मंडळी हसतात. माझी बायको सगळ्यात जास्त.

आता शांतपणे सांगतो. त्या दिवशी टायर चुकला नव्हता, मी मडगार्ड वर न उचलता टायर टाकला ती चूक होती. कच्च्या वाटेसाठीच्याच गाड्या बघा, हीरोची इम्पल्स २०११ साली आली आणि एक्सपल्स २०० ही २०१९ साली. त्यांचं पुढचं मडगार्ड कुठे आहे बघा. चाकापासून बरंच वर, हेडलाइटच्या खाली. ते दिसायला छान म्हणून तिथे नाही. आपल्या गाडीला मडगार्डच्या बोल्टखाली पट्टी घालून जेवढं उचलता येईल तेवढं उचला. पूर्ण काढून टाकू नका, सगळा चिखल तोंडावर येतो. आणि काळं रान असेल तर मडगार्ड उचलूनही वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती चिकटायची थांबेपर्यंत, गाडी आत घालायचीच नाही. बैल जात नाही तिथे आपण कोण!

एक्सपल्सचेच टायर स्प्लेंडरला टाकू का, हे विचारायच्या आत सांगतो, नाही. तिचा पुढचा ९०/९०-२१ आहे, तुमची रिम १८ ची. मागचा १२०/८०-१८ रिमच्या आकड्याने जुळतो, पण रुंदीने तुमच्या अरुंद रिमवर आणि स्विंगआर्ममध्ये (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांत) त्याचं काही खरं नाही. जे माप आहे तेच घ्या, फार तर मागे एक पायरी वर. घेताना बटणं विरळ आहेत का बघा. विरळ असली की चिखल झटकला जातो, दाट असली की डांबरीवर बरी चालतात पण चिखलात भरतात. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पडून राहिलेला माल स्वस्तात देतात, रबर दगड झालेलं असतं. दुधाच्या किटल्या बांधत असाल तर भाराचा आकडाही वाचा, ४२ म्हणजे १५० किलो, ४८ म्हणजे १८० किलो.

आता मूळ भांडण. मेव्हण्याचं म्हणणं, "जोर मागच्या चाकाला, मग बटण बी मागंच पायजे." ऐकायला पटतं. पण चिखलात मागचं चाक सरकलं तर गाडी शेपटी हलवते, पाय टेकवून सावरता येतं. पुढचं सरकलं की आधी माणूस जमिनीवर येतो, मग त्याला कळतं. आणि या गाड्यांना पुढे बहुतेक उभ्या रेघांचा टायर असतो. डांबरीवर झकास, ओल्या मातीत साबण. पैसे एकाच टायरचे असतील तर माझं मत पुढे टाका. २०१८ च्या जुलैत त्याच्या वस्तीच्या चढावर मी हेच करून दाखवलं. माझी गाडी वर गेली. मागे बटण, पुढे रेघा असलेली त्याची गाडी दुसऱ्या वळणावर कुशीवर झोपली. तो म्हणाला, दगड आला. मला काही दगड दिसला नाही.

बसवताना टायर तासभर उन्हात ठेवा, रबर नरम येतं. टायर नवा तर ट्यूबही नवी. जुनी ताणलेली असते, आत घडी पडते आणि तिथेच कापते. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मगच आत घाला. बाजूवरचा बाण फिरण्याच्या दिशेने ठेवा. माझा मागचा टायर एकाने उलटा बसवून दिला होता, मला पंधरा दिवसांनी दिसलं. टायरची कड रिमवर चढवायला व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. चढलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरा, म्हणजे शेवटच्या चार बोटांना लिव्हरशी कुस्ती करावी लागत नाही. ट्यूब फाटते ती त्याच कुस्तीत. पुढचं चाक परत घालताना ब्रेकच्या पॅनेलची (ड्रमच्या झाकणाची) खाच फोर्कच्या खुंटीत बसली का ते दोनदा बघा. नाही बसली तर ब्रेक दाबल्यावर पॅनेलच फिरेल, आणि मग टायरची चर्चा करायला तुम्ही नसाल.

चिखलात हवा कमी करा म्हणणारे भेटतील. थोडी कमी ठीक. फार कमी केली तर टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. दगडाच्या वाटेवर तर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चेपते. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नका.

हे खरं तर आधीच लिहायला हवं होतं, पण रोज चाळीस किलोमीटर डांबरी आणि तीन किलोमीटर कच्चा असा तुमचा हिशेब असेल तर बटण टायर घेऊच नका. मधली बटणं लवकर झिजतात, गाडी भुंग्यासारखी गुणगुणते, ॲव्हरेज पडतं. आणि ओल्या डांबरीवर वळणात बटणं वाकतात, ब्रेक मारला की पांढऱ्या पट्ट्यांवर काळजात धस्स होतं. तुमच्यासारख्याला अर्धवट नक्षीचा, दाट बटणांचा टायर पुरे. उलट हिशेब असेल तर मात्र बिनधास्त.

मेव्हण्याने यंदा पुढच्या चाकाला बटण टायर टाकला. विचारलं तर म्हणाला, दुकानात दुसरा शिल्लक नव्हता. मडगार्ड अजून उचललेलं नाही.