अमेरिकेसारखी किट आणून कोल्हापुरात ठासणीची बंदूक बनवता येईल का?

परवान्याशिवाय नाही. अमेरिकेत अशा किट, म्हणजे बंदुकीच्या सुट्या भागांचे जोडसंच, बहुतेक ठिकाणी सहज मिळतात, आपल्याकडे मात्र शस्त्र कायदा, १९५९ नुसार बंदूक बनवायला आणि बाळगायलाही परवाना लागतो. नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची ती ठासणीची बंदूकही त्यातून सुटत नाही.

पण तुमचा जीव लाकूडकामात असेल तर नळीच्या जागी भरीव लोखंडी गज बसवून भिंतीवरची शोभेची प्रतिकृती करा. खरं कसब गज लाकडात बसवण्यात आहे. गजाला दिव्याची काजळी लावा, खाचेत दाबा, उचला. काळा डाग उमटेल तेवढंच पटाशीनं तासा, पुन्हा दाबा. संयम ठेवा, जास्त तासलेलं लाकूड परत येत नाही.

मग लाकूड पॉलिश पेपरनं घासा, १२० नंबरच्या जाड कागदापासून २२० च्या बारीक कागदापर्यंत. ओल्या फडक्यानं पुसलं की तंतू उभे राहतात. वाळल्यावर पुन्हा घासा. वर 'बॉइल्ड' म्हणून तयार मिळणारं जवस तेल (घरी उकळू नका), अगदी पातळ हात, तळव्यानं चोळून. आपल्या पावसाळ्यात ते लवकर वाळत नाही, म्हणून हे काम उन्हाळ्यात काढा.

तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, आपोआप पेटतात! बाहेर पसरून वाळवा.

जुनी शस्त्रं जवळून बघायला न्यू पॅलेसमधलं संग्रहालय आहेच.